पूर्व विभागाचे स्वागतप्रमुख

ओनेसिमो मार्वालसरांची पूर्व विभागाचे स्वागतप्रमुख म्हणून नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी आधी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोला बातमी दिली.

आउराबाई मासे साफ करत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "अहो, कुठे निघालात?"

"कुठेच नाही. पद घरूनच सांभाळायचं आहे."

"मग इस्त्रीचा शर्ट कशाला घातलात? नळाला पाणी नाहीये. आता तो धुवायचा कधी?"

मोठ्या माणसांच्या आयुष्यात असे क्षण येतातच, असं मनाशी म्हणून सर बाहेरच्या खोलीत येऊन बसले.

हे पद कसलं ते सांगायला हवं. 'पानाल' म्हणजे मधाचं पोळं. या नावाचं एक समाजमाध्यम आहे. इतर समाजमाध्यमांना मालक असतो, याला नाही. हे ब्लॉकचेनवर, म्हणजे एका साखळीवर चालतं. तुम्ही लिहिलेलं प्रत्येक अक्षर जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांत एकाच वेळी कोरलं जातं आणि मग ते कोणालाच पुसता येत नाही. तुम्हाला नाही, सरकारला नाही, खुद्द पानाललाही नाही. वाचणाऱ्यांना आवडलं तर ते मत देतात आणि मतांची नाणी होतात. सर शाळेतून निवृत्त झाल्यापासून इथे कारियाकोच्या आखातावर लेखमाला लिहीत होते. वारे, प्रवाह, खारफुटी, सगळं तपशीलवार. वाचक मोजकेच होते, पण त्यांतला एक उरुग्वेचा होता. म्हणजे लेखमाला आंतरराष्ट्रीय होती.

पानालचं दुखणं एकच होतं. माणसं यायची आणि टिकायची नाहीत. नवा सभासद 'नमस्कार मंडळी' असं लिहायचा, दोन दिवस वाट बघायचा आणि जायचा तो कायमचा. यावर उपाय म्हणून समितीने विभागवार स्वागतप्रमुख नेमले. त्यांनी माणसं आणायची आणि धरून ठेवायची. नेमणूक तूर्त कच्ची होती. डिसेंबरपर्यंत माणसं टिकली तर पक्की, आणि मग नावापुढे एक छोटी सोनेरी मधमाशी लागणार. सरांनी आयुष्यात बऱ्याच गोष्टींवाचून दिवस काढले होते, पण त्या मधमाशीचं चित्र बघितल्यापासून त्यांना काही चैन पडेना.

रविवारी अंगणात आंब्याखाली दोमिनोचा डाव बसायचा. मेव्हणा रोसेंदो, पलीकडच्या एर्मिंदा कोवाबाई आणि दातांचे डॉक्टर निकानोर बेर्मुदेस हे नेहमीचे गडी. कुमाना शहरात इतकं तयार मनुष्यबळ दुसरीकडे कुठे मिळणार? सरांनी सोंगट्या बाजूला सारून विषय मांडला.

"मालकच नाही?" रोसेंदो म्हणाला. "मग दाजी, तक्रार करायची कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही."

"हां. म्हणजे आपल्या पाणीपुरवठ्यासारखं."

एर्मिंदाबाई जन्ममृत्यू नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेल्या. त्यांना पुसता न येण्याचं फार नवल वाटलं. "अजिबात पुसता येत नाही? आमच्या कचेरीत नीट अर्ज केला तर माणूस दोन वर्षांनी लहानसुद्धा व्हायचा."

डॉक्टरांनी घसा साफ केला. "कविता चालतात का?"

"चालतात."

"लांब?"

डॉक्टरांना कवितेचा नाद होता आणि श्रोत्यांची त्यांना कधी ददात पडली नव्हती. खुर्चीतल्या रुग्णाचं तोंड उघडं असल्यामुळे विरोध असा कधी झालाच नव्हता. पण आता हात थरथरायला लागल्यामुळे रुग्ण कमी झाले होते आणि कविता साठून राहिल्या होत्या. ते तिथल्या तिथे सभासद झाले.

अडचणी लगेच सुरू झाल्या. पानालची किल्ली म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ असते. ती हरवली तर नवी मिळत नाही.

"दोन साक्षीदार आणले तरी नाही?" एर्मिंदाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग ही कसली कचेरी?"

रोसेंदोने आपली किल्ली सिगरेटच्या पाकिटावर लिहून घेतली आणि सिगरेटी संपल्यावर पाकीट फेकून दिलं. त्याचं दुसरं खातं काढावं लागलं. दुसरी किल्ली त्याने तळहातावर लिहिली आणि तो मासे धरायला गेला. तिसरी किल्ली आउराबाईंनी स्वतः लिहून कुमारी मातेच्या तसबिरीमागे खोचली. "तिच्याच भरवशावर राहिलेलं बरं," त्या म्हणाल्या.

मग फोटो. नव्या सभासदाने आपलं नाव आणि तारीख लिहिलेला कागद छातीशी धरून फोटो टाकायचा असा नियम आहे. त्याशिवाय माणूस खरा धरत नाहीत.

"असा फोटो मी तुरुंगातल्या लोकांचा बघितलाय," एर्मिंदाबाई म्हणाल्या. तरी त्या केस करून आल्या. नेमकी लाइट गेली. ती येईपर्यंत उकाड्याने केस बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केस, पुन्हा लाइट. शेवटी फोटो निघाला तेव्हा कागदावरची तारीख जुनी झालेली होती आणि पानालने तो परत पाठवला. डॉक्टरांचा फोटो मात्र पहिल्या झटक्यात पास झाला. त्यांनी दुसऱ्या हातात कवळी धरली होती. ती कशासाठी ते कोणी विचारलं नाही.

हे सगळं सरांच्याच घरी चालायचं, कारण इंटरनेट धड त्यांच्याकडेच होतं. जुन्या मोटारीची बॅटरी जोडून त्यांनी ते लाइट गेल्यावरही चालेल अशी सोय केली होती. संध्याकाळी तिघं रांगेत बसायची, एकामागून एक आपलं लिहिलेलं सरांपुढे ठेवायची आणि सर ते चढवायचे.

पण चढवण्याआधी ते तपासायचे. इथेच घोटाळा झाला.

माणसाने आयुष्यभर वह्या तपासल्या की त्याच्या हाताला एक वळण लागतं. एर्मिंदाबाईंनी लिहून आणलं होतं की पलीकडच्या सिप्रियानोचा कोंबडा आंधळा आहे की बहिरा कोण जाणे, पण तो मेला भर दुपारी आरवतो आणि मालकाला सांगायला जावं तर मालक कोंबड्याहून बेअक्कल. सरांनी दोन तास खपून त्याचा 'नागरी वस्तीतील कुक्कुटपालन: काही समस्या' हा लेख केला. डॉक्टरांच्या कवितेतला भावनेचा अतिरेक त्यांनी काढला. त्यानंतर कविताच उरली नाही, म्हणून उरलेल्याला 'दंतवैद्यकातील निवडक निरीक्षणे' असं नाव दिलं. रोसेंदोने लिहिलं होतं, 'काल मासे मिळाले नाहीत.' सरांनी आखातातल्या घटत्या मत्स्यसंपदेवर तीन पानं लिहिली.

रोसेंदोने ती फोनवर खालपर्यंत सरकवून बघितली. "दाजी, मी एवढं बोललो?"

"भावार्थ तोच आहे."

"बरं," रोसेंदो म्हणाला आणि सिगरेट शोधायला लागला.

बाहेरच्या वाचकांनी या साहित्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नव्या माणसांचा हिरमोड होऊ नये म्हणून सर स्वतः तिघांना मत द्यायचे. तिघंही शिष्टाचार म्हणून सरांना आणि एकमेकांना मत द्यायची. असा सगळा जिव्हाळ्याचा कारभार चालला असताना राखणदाराची नोटीस आली.

राखणदार म्हणजे पानालवरचे लबाड शोधणारं पथक. नोटीस अतिशय नम्र होती. त्यांच्या निदर्शनास आलं होतं की चारही खाती एकाच घरातून, लागोपाठ चालतात; चौघं फक्त एकमेकांनाच मतं देतात; आणि चौघांच्याही लेखनात 'तद्वतच' हा शब्द जागोजाग येतो. अशा प्रकारे लिहिणारी चार माणसं एका शहरात असणं संभवत नाही. सबब कोवा, बेर्मुदेस आणि रोसेंदो ही माणसं अस्तित्वात नसून मार्वाल यांनीच ती सोंगं घेतली आहेत असा पथकाचा समज झाला आहे. समाधानकारक खुलासा न आल्यास चारही खात्यांवरचं सगळं लेखन करड्या पडद्याआड जाईल.

सगळं लेखन म्हणजे आखातही. वारे, प्रवाह, खारफुटी. पुसता येणार नाही हे खरं, पण दिसणारही नाही. सरांनी नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, "मला डॉक्टर समजले असते तर एक वेळ ठीक होतं. पण मी एर्मिंदा?"

एर्मिंदाबाईंना तर खुर्चीत बसवेना. "म्हणजे मी नाहीच?"

"साखळीच्या दृष्टीने तूर्तास नाही."

"अर्ध्या कुमानाला जन्म मी दिला!" त्या ओरडल्या, आणि डॉक्टरांनी मान वर केल्यावर म्हणाल्या, "नोंदींत हो! माझ्या सहीशिवाय इथे कोणी जन्मलं नाही की मेलं नाही. आणि मीच नाही?"

सल्ले भरपूर आले. डॉक्टर म्हणाले, वकील करा. रोसेंदो म्हणाला, नाव बदला. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला की त्याच्या आत्याला पेन्शन कचेरीने असंच मृत ठरवलं होतं, ती रोज जाऊन बाकावर बसायची, शेवटी त्यांनी कंटाळून तिला जिवंत केलं. पण पानालला बाक नव्हता.

समितीने चौघांना एकत्र व्हिडिओवर बोलावलं. पहिल्या वेळी कुमानाची लाइट गेली. दुसऱ्या वेळी समितीचे लिसांद्रो पेर्नीया ज्या मेरिदा शहरात राहत, तिथली गेली. तिसऱ्या वेळी योग जुळला. लिसांद्रो हा गोड बोलणारा माणूस होता. त्याने विचारलं, "कोवाबाई, आपण कशाविषयी लिहिता?"

"त्या प्रामुख्याने नागरी समस्यांविषयी लिहितात," सर म्हणाले.

"सर, त्यांना बोलू द्या. डॉक्टर, आपण लेखनाकडे कसे वळलात?"

"डॉक्टरांना मुळातच निरीक्षणाची आवड. तद्वतच..."

"बघा," लिसांद्रो दुःखी चेहऱ्याने म्हणाला, "इथेसुद्धा तुम्हीच बोलताय."

शेवटी त्याने तोडगा काढला. चेहरे काय, कोणीही गोळा करून बसवील. उद्या सकाळी तिघांनी आपापल्या हाताने लिहावं. विषय समिती देईल. सरांनी फोनला हात लावायचा नाही. विषय होता: मला पानालवर आणणारा माणूस.

विषय ऐकून सरांच्या जिवात जीव आला. स्वतःविषयी तीन माणसं बरं बोलतील एवढी खात्री कोणाला नसते? त्यांनी जाता जाता मुद्दे सुचवले: चिकाटी, भाषेची शिस्त, निरपेक्ष सेवा.

सकाळी नेमकं नळाला पाणी आलं. आउराबाईंनी सरांना अंगणात पिंपं भरायला बसवलं आणि मधलं दार लावून घेतलं. आतून खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. मग एर्मिंदाबाईंचं हसू ऐकू आलं. मग डॉक्टरांचं. सरांनी दोनदा दार ढकलून पाहिलं.

"पिंप भरलं?" आतून आउराबाईंनी विचारलं.

"मी फक्त विरामचिन्हं बघणार होतो."

"दुसरं भरा."

तिसरं पिंप भरेपर्यंत सगळं साखळीवर चढलं होतं. सरांनी ओल्या हातांनी फोन घेतला आणि उभ्याउभ्या वाचायला लागले.

एर्मिंदाबाईंनी लिहिलं होतं की आमचे सर फोनवर टाइप करायला बसताना इस्त्रीचा शर्ट घालतात, जेवताना मीठ मागतानाही तद्वतच म्हणतात, आणि सिप्रियानोच्या कोंबड्याला मी मोजून मोजून दिलेल्या शिव्या त्यांनी काढून टाकल्या, त्या आता पुन्हा देते. आणि खरोखरच दिल्या होत्या. डॉक्टरांची कविता होती:

गालात कापूस, तोंडात आरसा, तरी सरांचा थांबेना वसा;
'दाढ दुखते?' विचारलं तर म्हणती, हा शब्द प्रमाण नाही फारसा!

ती अशीच पुढे बरीच लांब गेली होती. रोसेंदोने चारपाच ओळीच लिहिल्या होत्या. 'मला मासे मिळाले नाहीत. दाजींनी त्यावर तीन पानं लिहिली. तरी मिळाले नाहीत. पण लाइट गेली की सगळ्या गल्लीचे फोन त्यांच्या बॅटरीवर चालतात आणि ते कोणाला नाही म्हणत नाहीत. हेही लिहायला पाहिजे.'

"पुसा हे," सर म्हणाले.

"पुसता येत नाही म्हणालात ना?" रोसेंदोने विचारलं. त्याला खरंच शंका होती.

दुपारपर्यंत वाचकांची रीघ लागली. तिघांना मिळाली तेवढी मतं सरांच्या सगळ्या आखाताला मिळाली नव्हती. उरुग्वेच्या वाचकाने खाली लिहिलं, 'लेखमाला वाचताना मला नेहमी वाटायचं की लेखकाने कडक इस्त्री केलेला शर्ट घातला असावा. आज खात्री झाली. सरांना नमस्कार.' समितीचं पत्र आलं: चौघं वेगवेगळे आहेत याबद्दल आता कोणाच्याही मनात शंका उरलेली नाही, तरी झाल्या त्रासाबद्दल क्षमस्व. पडदा टळला, आखात वाचलं.

सर मात्र रुसले. ते डावाला बसले नाहीत, औषधवाल्याच्या दुकानावरून गेले नाहीत. त्यांनी शर्टाला इस्त्री करणं सोडलं आणि त्याचा त्रास त्यांना एकट्यालाच झाला, कारण कोणाच्या ते लक्षातच आलं नाही. आउराबाई एकदा शेजारी येऊन बसल्या.

"खोटं काय लिहिलंय त्यात?"

"खोटं काहीच नाही," सर म्हणाले. "तीच तर तक्रार आहे."

"रोसेंदोने लिहिलेलंही खरं आहे," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

इकडे गल्ली पेटली. सिप्रियानो कोंबड्याची बाजू मांडायला पानालवर आला. सिप्रियानोला उत्तर द्यायला त्याची विहीण आली. विहिणीचं वाचून चर्चमधल्या बायका आल्या. कोणाला धरून ठेवावं लागेना, कारण आपल्याविषयी काय लिहिलंय ते बघायला रोजच यावं लागे. एर्मिंदाबाईंचं वाचून आलेले म्हणून समितीने हे सगळे त्यांच्या नावावर मांडले, आणि डिसेंबरात सोनेरी मधमाशी त्यांच्याच नावापुढे बसली. पूर्व विभागाच्या स्वागतप्रमुख एर्मिंदा कोवा.

त्या ताटलीभर गोड घेऊन सरांना सांगायला आल्या. सरांनी उठून अभिनंदन केलं. वाक्य शुद्ध होतं.

पद मिळाल्यावर मात्र बाईंच्यातली कचेरी जागी झाली. नव्या माणसाने दोन साक्षीदार आणावेत, दुपारी बारा ते दोन काम बंद, चुकीचा फोटो परत. लोक चिडून परत जायला लागले. मग बाई एका सकाळी सरांच्या दारात उभ्या राहिल्या. "सर, लोकांची तोंडं बघून मला खेकसायलाच येतं. त्यांना समोर बसवून लिहून घ्यायचं काम तुम्ही करा. पण एक अक्षर बदलायचं नाही. बदललंत तर मी तुमच्यावर पुन्हा लिहीन."

ही धमकी पुरेशी होती.

पहिला आला उबाल्दो. पूर्वी कारुपानोची बस चालवायचा. खांद्याने मोठा, आवाजाने लहान. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "लोक म्हणाले जा, म्हणून आलो. मला काही लिहायला येत नाही."

सरांच्या मनात 'पूर्व किनाऱ्यावरील प्रवासी वाहतूक' हे शीर्षक तयार झालं होतं. ते त्यांनी गिळलं. "आज सकाळी काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. मक्याचं पीठ भिजवून आरेपा थापल्या."

"मग?"

"बायको चिलीला गेली ना, मुलीकडे. नातू झाला. येते म्हणाली होती, आता जमत नाहीये." तो हाताकडे बघत म्हणाला, "माझ्या हाताला दोघांचंच माप आहे. रोज पीठ दोघांचं भिजतं."

सर टाइप करत होते. "उरतं त्याचं काय करता?"

"संध्याकाळी तेच खातो. तिला सांगत नाही. फोनवर विचारते, जेवलास का, मी म्हणतो ताजं जेवलो."

"हे लिहू का?"

उबाल्दोने विचार केला. "पुसता येत नाही म्हणतात."

"नाही येत."

"लिहा," तो म्हणाला.

सरांनी जसंच्या तसं लिहिलं. दोन ठिकाणी वाक्य तुटत होतं, तसंच तुटू दिलं. वर शीर्षक घातलं नाही.

दुसऱ्या सकाळी उबाल्दो दाराशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. "सहज आलो. कोणी वाचलं का?"

"उत्तर आलंय," सर म्हणाले.

चिलीतल्या अंतोफागास्ताहून कोणा बाईने लिहिलं होतं: 'मीही इकडेच असते, आमच्या गावापासून लांब. मी एकटीचंच पीठ भिजवते, पण इथल्या थंडीत ते घट्ट होतं आणि आरेपा फुटतात. तुम्ही कसं करता?'

उबाल्दो आत आला. त्याने ते उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं.

"सांगा तिला," तो म्हणाला, "पाणी कोमट घ्यायचं. आणि भिजवून लगेच थापायचं नाही, झाकून ठेवायचं. आमच्याकडे बायको तसंच..."

"तुम्हीच सांगा की," सर म्हणाले आणि त्यांनी फोन त्याच्यापुढे सरकवला.

उबाल्दोने पँटला हात पुसले आणि एका बोटाने लिहायला सुरुवात केली. पहिल्याच शब्दात चूक झाली. दुसऱ्यात दोन झाल्या. सर उठून खिडकीशी गेले आणि पाण्याची गाडी आज येणार आहे की उद्या, असं त्यांनी मोठ्याने आउराबाईंना विचारलं.